रात्री झोपणार कुठं?

मे महिन्यात एकदा रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन आला. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं आणि चालता चालता फिल्म करायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बजेट चाळीस हजार. फोर-के घेऊ की फुल एचडी चालेल, हँडीकॅम घेऊ की मिररलेस, कोणत्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करू, सगळं त्यानं एका दमात विचारलं. मी म्हटलं, "रात्री झोपणार कुठं?"

"दिंडीच्या तंबूत. का?"

"तंबूत वीज किती वाजेपर्यंत असते?"

पलीकडे शांतता. मामाचं वय झालं, असं त्याला वाटलं असणार. पण शूटिंगच्या धंद्यात मला पंचवीस वर्षं झाली. पोट लग्नामुंजींवर भरलं आणि सीझन नसेल तेव्हा वाटा शूट केल्या. वारी सहा वेळा, लडाख एकदा, कोकणातल्या होड्या आणि जत्रा तर मोजल्याच नाहीत. दिवसा काढलेलं चित्र वाईट आलं म्हणून मी फारसा हळहळलो नाही. हळहळलो ते मुक्कामी पोचल्यावर जे काही करून बसलो त्यापायी. म्हणून कॅमेरा घ्यायला निघालेल्याला मी आधी मुक्काम विचारतो.

माझा स्वतःचा पहिला कॅमेरा मात्र मी कुणालाही काहीही न विचारता पदरात पाडून घेतला होता. त्याआधी लग्नाला खांद्यावरचा मोठा व्हीएचएस कॅमेरा भाड्यानं आणायचो. २००३ साली न्यू जर्सीतला चुलतभाऊ दिवाळीला येताना छोटा मिनी-डीव्ही कॅमेरा घेऊन आला, इथल्या निम्म्या किमतीत. घरी सत्यनारायण होता, तो शूट केला आणि टीव्हीवर लावला, तर गुरुजींच्या डोक्यावरची ट्यूबलाइट सारखी लपलपतेय. कॅमेरा एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचा होता. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. कॅमेरा सेकंदाला ६० वेळा टिपणार आणि आपली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळणार-मंदावणार, दोघांचा ताल जमायचा कसा? शटर १/१०० वर बांधून ठेवता आलं असतं तर निभावलं असतं, पण त्या स्वस्त मॉडेलमध्ये शटर माणसाच्या हातात दिलेलंच नव्हतं. आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीच्या फुटेजमध्ये ते मिसळायला गेलं की चालणारी माणसं अडखळल्यासारखी दिसायची. वर्षभर मी तो फक्त उन्हात वापरला आणि मग कपाटात टाकला. आपल्या कॅमेऱ्यानं याचा धंदा उभा राहिला, अशी चुलतभावाची अजून समजूत आहे. मी ती मोडलेली नाही.

मग मुंबईला बोरा बाजारात जाऊन पाल कॅमेरा घेतला. मिनी-डीव्हीच. खोक्यावर हातभर अक्षरांत '८००एक्स' लिहिलेलं. तो डिजिटल झूम, म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं करायचं. भिंगाचा खरा झूम २०एक्स, तो खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात. हे मी दुकानातच वाचलं म्हणून स्वतःला शहाणा समजलो. आणखी एक गोष्ट बघायची राहिली होती, तिच्याकडे नंतर येतो.

२००५ च्या वारीत आम्ही लोणंदहून निघालो ते पावसातच. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथं वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेनं माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व दौडत जातात. जागा धरून मी कॅमेरा चालू केला आणि पडद्यावर थेंबाचं चिन्ह लुकलुकायला लागलं. रेकॉर्डिंगचं बटण मेलेलं. फक्त कॅसेट बाहेर काढता येत होती. आदल्या रात्री पाऊस आत जाऊ नये म्हणून मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून ठेवला होता, आणि पिशवीत सोबत अंग पुसलेला टॉवेल. म्हणजे पाऊस बाहेर ठेवून दमट हवा मीच आत कोंडली. टेपच्या कॅमेऱ्यात एक छोटा धातूचा ड्रम गरगर फिरत असतो आणि सव्वासहा मिलिमीटर रुंदीची टेप त्याला लपेटून सरकते. ड्रमवर दव धरलं की टेप चिकटते, गुंडाळते, तुटते. म्हणून कॅमेरा आधीच हात वर करतो. चूक त्याची नव्हतीच.

शेजारच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "चुलीपाशी धरा की माउली, सुकंल." मी कॅसेटचं झाकण उघडं टाकून चुलीपासून दोन हात अंतरावर उकिडवा बसलो. जवळ नेला तर प्लास्टिक वितळेल, लांब धरला तर सुकणार नाही. तेवढ्यात बाहेर एकदम गलका उठला, टापा ऐकू आल्या, मग 'माउली, माउली' असा घोष रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. मी चुलीकडे तोंड करून बसलेलो. मावशीही रिंगण बघायला पळाल्या होत्या. चहा उतू गेला, तो मीच उतरवला.

तरीही त्या काळात तोच फॉरमॅट बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. साठ मिनिटांची कॅसेट शंभर-सव्वाशे रुपयांना मिळायची. तीत सुमारे १३ जीबी माल मावायचा आणि माझ्या लॅपटॉपची अख्खी हार्ड डिस्क तेव्हा ४० जीबीची होती. मुक्कामी गेल्यावर काम काय, तर कॅसेटवर पेनानं तारीख आणि गाव घालायचं, कडेची बारीक खिट्टी 'सेव्ह'कडे सरकवायची आणि डब्यात टाकायची. कॉपी नाही, लॅपटॉप नाही. बॅटरी तेवढी टपरीवर पाच रुपये देऊन चार्ज करून घ्यायची. कॅसेटवाला माणूस नऊ वाजता झोपू शकत असे. पण कॅसेटा वाचवायच्या नादात मी तेव्हा काही एलपी मोडवर रेकॉर्ड केल्या. साठ मिनिटांच्या जागी नव्वद मिनिटं. तो हिशेब पंधरा वर्षांनी चुकता झाला.

आता राहिलेली गोष्ट. पालखी मुक्कामी पोचली की रोज समाजआरती होते. दिंड्या पालखीच्या तळावर गोलाकार जमतात, टाळ चालू असतात. मग चोपदार हातातला दंड उंचावून 'होऽऽ' अशी आरोळी देतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात, मग तेही टाळ थांबतात. अशी शांतता मी दुसरीकडे कुठं ऐकलेली नाही, आणि मला ती टिपायची होती. कॅमेरा स्टँडवर लावला, श्वास रोखून उभा राहिलो.

घरी येऊन ऐकलं तर आरोळी येते, टाळ थांबतात आणि दोन-तीन सेकंदांत 'शूऽऽ' असा आवाज वाढत जातो. त्यात कॅमेऱ्याच्या मोटरची घरघर, लांबच्या जनरेटरची भडभड आणि नीट कान दिला तर माझं नाक वाजताना. कॅमेऱ्यातला ऑटो गेन फार कामसू असतो. आवाज कमी झाला की त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकतंय, आणि तो सगळं उपसून वर आणतो. मग एका दिंडीचे टाळ पुन्हा वाजले, तेव्हा पहिला ठोका कानठळ्या बसवणारा आणि पुढचे एकदम दबलेले. एवढ्या माणसांची शांतता, आणि माझ्या कॅसेटवर तिची घरघर झाली.

कॅमेऱ्याला बाहेरचा माईक लावायची पिन नव्हती. हेडफोनची नव्हती. आवाजाची लेव्हल हातानं बांधता येत नव्हती. हजार-दोन हजार वाचवायला कंपन्या पहिल्यांदा याच गोष्टी काढून टाकतात, आणि गिऱ्हाईकाला त्या नाहीत हे कळत नाही, कारण खोक्यावर नसलेल्या गोष्टी लिहीत नाहीत. शिवाय माझा कॅमेरा दुकानातून आला तेव्हाच आवाजाला १२ बिटवर लावलेला होता. मेनूत जाऊन तो १६ बिट करायचा असतो, हे मला दोन वाऱ्यांनंतर समजलं. तेव्हापासून दुकानात कॅमेरा हातात आला की मी आधी कडेची रबरी झाकणं उघडून बघतो. भिंग नंतर. पुढच्या कॅमेऱ्याला माईकची पिन होती, तिला साधा बाहेरचा माईक लावला आणि त्यावर बायकोनं विणलेली जुनी कानटोपी कापून चढवली. दिवे घाटातल्या वाऱ्याला ती कानटोपी पुरली.

लडाखचं थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये पुण्याच्या एका ग्रुपबरोबर गेलो. तेव्हा आत हार्ड डिस्क असलेल्या कॅमेऱ्यांची हवा होती, कॅसेटची कटकट नाही म्हणून मी एक भाड्यानं नेला. लेहपर्यंत ठीक चालला. खारदुंग ला इथं तेव्हा १८,३८० फुटांची पाटी होती, तिच्यासमोर लोक फोटोला उभे राहिले आणि कॅमेरा एरर दाखवून बंद. हार्ड डिस्कचं वाचणारं टोक तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं, आणि तिथं हवाच विरळ. परत आल्यावर पुस्तिका वाचली. तीन हजार मीटरच्या वर वापरू नये, असं स्वच्छ छापलं होतं. लेहच साडेतीन हजारांवर आहे! पुस्तिका निघण्यापूर्वी वाचायची असते, पण ती आपण खोक्यात ठेवून खोकं माळ्यावर टाकतो.

मग एचडीव्ही आलं. त्याच मिनी-डीव्ही कॅसेटवर हाय डेफिनिशन, त्यामुळे जुनी सवय मोडावी लागली नाही. फक्त टेपवर एखादा ओरखडा आला तर डीव्हीत एखादी फ्रेम बिघडायची, इथं जवळजवळ अर्धा सेकंद जायचा, कारण फ्रेम्स गटानं दाबलेल्या असतात आणि एक गेली की मागच्या तिच्यावर विसंबलेल्या. लग्नात अर्धा सेकंद म्हणजे मंगळसूत्रसुद्धा जाऊ शकतं. वारीत मी चालवून घेतलं.

२०११ ला कार्डाचा कॅमेरा घेतला. एव्हीसीएचडी. एका दुकानदारानं त्याच्यासोबत महागातलं वेगवान कार्ड गळ्यात मारलं. हिशेब मी नंतर केला. कॅमेरा जास्तीत जास्त २४ मेगाबिट टाकणार, आठानं भागा, सेकंदाला ३ मेगाबाइट. क्लास ४ चं साधं कार्डसुद्धा तेवढं आरामात घेतं. तासाला पावणेअकरा जीबी. कॅसेटपेक्षा कमी जागेत कॅसेटच्या दुपटीहून जास्त तपशील, ड्रम नाही, दव नाही, मी भलताच खूश होतो.

त्या वर्षी पुरंदवड्याचं गोल रिंगण मनासारखं मिळालं. आधीच जागा हेरून ठेवली होती. अश्व वळणावर अगदी माझ्यासमोरून गेला, टापांखालची माती उडून भिंगावर आली. सकाळचं कार्ड भरलं, दुसरं घातलं. दुपारी दिंडीच्या स्वयंपाकाचं शूट केलं, पन्नास-साठ जणांचं पिठलं-भाकरी. रात्री माळशिरसच्या मुक्कामी मच्छरदाणीत मांडीवर लॅपटॉप घेतला. बॅटरी वीस टक्के, डोळे मिटत होते. एव्हीसीएचडीच्या कार्डात एकात एक अशा चार-पाच घड्या असतात आणि सगळ्यात आतल्या 'स्ट्रीम' नावाच्या फोल्डरमध्ये खऱ्या क्लिपा. बाकीचा पसारा कशाला, म्हणून मी नुसत्या क्लिपा उचलून 'माळशिरस' या फोल्डरमध्ये टाकल्या. मग दुसऱ्या कार्डाच्या टाकल्या. लॅपटॉपनं काहीतरी विचारलं. मी 'हो, सगळ्यांना' दाबलं आणि उद्यासाठी दोन्ही कार्डं कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केली.

त्यानं विचारलं होतं की याच नावाच्या फायली इथं आहेत, त्यांच्यावर लिहू का? त्या कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं की क्लिपांचे आकडे पुन्हा ०००००पासून सुरू व्हायचे. दोन्ही कार्डांवर पहिल्या पंधरा क्लिपांची नावं तीच. घरी येऊन फोल्डर उघडला तेव्हा रिंगणाच्या जागी पिठलं होतं. भाकऱ्या थापणारे हात होते, चुलीचा धूर होता, शॉट चांगले होते. सकाळच्या कार्डावरच्या शेवटच्या सात क्लिपा तेवढ्या वाचल्या. त्यांत अश्व निघून गेलेला, लोक टापांखालची माती कपाळाला लावतायत आणि बायका फुगड्या घालतायत. त्या दोन्ही कार्डांवर पुढच्या दिवसांत पुन्हा शूटिंग झालं होतं, त्यामुळे काही परत मिळवायचा प्रश्नच नव्हता. सात क्लिपांवरच ते प्रकरण जुळवलं. ज्यांनी फिल्म पाहिली त्यांच्यातल्या दोघांनी मला विचारलं की घोडा मुद्दाम दाखवला नाही का, फार छान कल्पना आहे. मी 'हं' म्हटलं.

कार्ड जसंच्या तसं, मुळापासून अख्खं उचलायचं आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर द्यायचं, एवढीच ती अक्कल. तो पसारा निरुपयोगी नसतो हे पुढे कीर्तनाच्या वेळी कळलं. कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे २ जीबीचे तुकडे करतो आणि ते न चुकता जोडायची माहिती त्या बाकीच्या फायलींत असते. नुसत्या क्लिपा जोडल्या तर प्रत्येक सांध्यावर बुवांचं एक अक्षर गळतं.

कीर्तनावरून आठवलं. मधल्या काळात मीही फोटोच्या कॅमेऱ्याच्या नादी लागलो होतो. मागची पार्श्वभूमी धूसर, डोळा तेवढा स्पष्ट, सगळ्या नवऱ्यामुलींना तेच हवं होतं. पण त्यातले बरेच कॅमेरे अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग बंद करायचे आणि बुवा तर पूर्वरंगातच पाऊण तास घेतात. पुन्हा बटण दाबेपर्यंत अभंग पुढे गेलेला. वाटेवरच्या कामाला मी परत हँडीकॅमकडे आलो. दिसायला तो आता जुनाट वाटतो, कबूल.

२०२० मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. लग्नं बंद, मी घरात. माळ्यावरून कॅसेटा काढल्या, एकशे बारा भरल्या. टेप कॅप्चर करायची तर तासाच्या कॅसेटला तास लागतो, त्यात घाई चालत नाही. नव्या लॅपटॉपला फायरवायरची पिन नाही, म्हणून जुना डेस्कटॉप पुसून चालू केला. बहुतेक कॅसेटा धडधाकट निघाल्या. कोकणातल्या तिनांवर पांढरी बुरशी. आणि त्या एलपीवाल्या नऊ. नेहमीच्या एसपी मोडमध्ये टेपवरची प्रत्येक रेघ १० मायक्रॉन रुंद असते, एलपीत ती सातपेक्षाही कमी. ज्या कॅमेऱ्यानं ओढली त्यालाच ती नीट सापडते, आणि तो कॅमेरा केव्हाच मेला होता. दुसऱ्या मशीनवर माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे होऊन पडत होते. नऊ कॅसेटांत मी त्या वेळी साडेचार कॅसेटांचे पैसे वाचवले होते. म्हणजे पाचेकशे रुपये.

जे निघालं ते दोन हार्ड डिस्कांवर घेतलं. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. भाच्यानं ती बघितली आणि तिथून त्याच्या डोक्यात वारी शिरली, असं बहीण म्हणते. तिच्या आवाजात थोडी तक्रार असते.

तर भाच्याला मी कागदावर हिशेब करून दिला. अठरा दिवस, रोज दोन तास, म्हणजे छत्तीस तास. फोर-के १०० मेगाबिटनं घेतलं तर तासाला ४५ जीबी, एकूण १,६२० जीबी. दोन प्रती ठेवायच्या तर दोन टीबीच्या दोन डिस्का, आणि रोज रात्री ९० जीबी दोनदा उतरवायचे. तंबूत, जनरेटरवर. फुल एचडीत २४ मेगाबिटनं तेच ३९० जीबीच्या आत बसतं. तो म्हणाला, मग फोनवरच करतो. उजेडात फोनचं चित्र माझ्या सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. पण फोन सेकंदाला कधी तीस फ्रेम घेतो कधी अठ्ठावीस, लांब भजन एडिटिंगला घेतलं की टाळ आणि हात वेगवेगळे व्हायला लागतात. आणि संध्याकाळी त्याच फोनवरून आईला फोनही करायचा असतो.

शेवटी त्यानं सेकंडहँड फुल एचडी हँडीकॅम घेतला, माईकची आणि हेडफोनची पिन असलेला, पॉवर बँकेवर चार्ज होणारा. उरलेल्या पैशांत माईक, तीन कार्डं, दोन छोट्या डिस्का. कार्डं घरीच काठोकाठ भरून परत वाचून बघायला लावली. एक बनावट निघालं, ६४ जीबीचा छाप आणि आत जेमतेम आठ. ते बदलून घेतलं. मेच्या शेवटी त्यानं मला झाकणं उघडून सगळ्या पिना दाखवल्या.

पालखी वाल्ह्याला होती त्या रात्री साडेआठला फोन वाजला. मागे जनरेटर आणि टाळ.

"मामा, जनरेटर नऊला बंद करणार म्हणतात. लॅपटॉपच्या आधी पंधरा फोन लागलेत चार्जिंगला. आजचं एकही कार्ड उतरवलेलं नाही."

"मग कर सुरू, लॅपटॉपची बॅटरी आहे ना?"

"तीस टक्के. पण इथं समोर ट्रकच्या दिव्यात एक आजोबा भारूड करतायत. साडी नेसून."

"कॅमेऱ्यातल्या कार्डावर जागा किती आहे?"

"अकरा मिनिटं."

"आणि तिसरं कार्ड?"

"ट्रकमध्ये. गाद्यांच्या खाली."

"फोन ठेव," मी म्हटलं.